बेडीतल्या प्रेषिताचा समुद्रप्रवास: कैसरिया ते रोम, दिवस मोजत

प्रेषितांची सेवा म्हटली की सभास्थानातला उपदेश, चौकातला वाद, तुरुंगातली रात्रीची स्तुती आठवते. पण ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात दिवस मोजून, नांगर मोजून, माणसे मोजून लिहिलेला मजकूर आहे तो प्रेषित पौलाला कैदी म्हणून रोमला नेतानाच्या गलबतावरचा: सत्ताविसाव्या अध्यायातली 44 वचने आणि अठ्ठाविसाव्यातली पहिली 16. लिहिणारा लूक स्वतः बरोबर होता, म्हणून तो ‘ते’ न म्हणता ‘आम्ही’ म्हणतो. तो पेशाने वैद्य होता, दर्यावर्दी नव्हता, तरी कोणता दोर केव्हा कापला हे त्याने टिपले आहे. प्रार्थनासभेत हा भाग वाचताना वादळ, देवदूत आणि सुटका एवढेच घेतले जाते. दोर, शिडे आणि गहू ओलांडून आपण पुढे जातो. मग पौल अर्धाच कळतो. या समुद्रप्रवासात पौल चार वेळा बोललेला नोंदला आहे, आणि चारही वेळा त्याचे बोलणे गलबताच्या कामाला येऊन भिडते.

खालची दिनवही लूकच्याच मोजणीने चालते. साल इ.स. 59 धरले आहे. एक सागरी मैल म्हणजे 1.85 किलोमीटर.

पहिला दिवस: कैसरिया

पौल इथे दोन वर्षे कैदेत होता. सुभेदार फेलिक्स गेला, फेस्त आला, आणि पौलाने रोमी नागरिकाच्या हक्काने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, न्याय मागितला. त्यामुळे त्याला रोमला पोचवणे आता सरकारला भाग होते. हे काम औगुस्ताच्या पलटणीतल्या युल्य नावाच्या शताधिपतीकडे आले. बरोबर आणखी कैदी, शिपाई, थेस्सलनीकेचा अरिस्तार्ख आणि लूक.

कैसरियाचे बंदर हेरोद राजाने उघड्या किनाऱ्यावर समुद्रात भर घालून उभारले होते. लाकडी साचे पाण्यात उतरवायचे, त्यांत चुना, दगड आणि ज्वालामुखीची राख भरायची, की मिश्रण पाण्याखालीच दगडासारखे घट्ट होते. ती राख जहाजांनी थेट इटलीतल्या नेपल्सच्या आखातातून आणलेली होती. तिचे नाव या प्रवासाच्या शेवटी पुन्हा भेटेल.

रोमला सरळ जाणारे गलबत इथे मिळत नसे. युल्याने अद्रमुत्तिय बंदराचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या वायव्य किनाऱ्यावरच्या गावाचे, किनाऱ्याकिनाऱ्याने घरी परतणारे गलबत धरले. वाटेत मोठे गलबत गाठायचे, हा बेत.

दुसरा दिवस: सिदोन

कैसरियाहून सिदोन सुमारे 120 किलोमीटर. हे अंतर एका दिवसात कापले, म्हणजे वारा मनासारखा होता. पुढे कित्येक आठवडे असा दिवस आला नाही.

युल्याने पौलाला मित्रांकडे जाऊन त्यांच्याकडून आपली व्यवस्था करून घ्यायला परवानगी दिली. ही सवलत नुसती मायेची नव्हती. त्या काळी कैद्याचे अन्न आणि पांघरूण बहुतेक वेळा त्याच्या माणसांनी पुरवायचे असे, आणि गलबतावरही उतारू आपली शिदोरी आपणच आणत. सिदोनातल्या मंडळीने या प्रवासाला जे दिले ते भाकरी आणि कपडा या रूपाने दिले. प्रेषितांच्या सेवेचा हिशेब मांडताना या खर्चाची ओळ सहसा गळते.

पुढचे सुमारे 15 दिवस: कुप्राच्या आडोशाने मुर्यापर्यंत

काही प्राचीन हस्तलिखितांत या टप्प्याला 15 दिवस लागले असे जादा शब्द आहेत, आणि वारा पाहता ते पटते. दोन वर्षांपूर्वी पौल पातराहून सोराला आला तेव्हा कुप्र, म्हणजे आजचे सायप्रस, डाव्या हाताला ठेवून गलबत सरळ उतरले होते. परत जाताना तीच वाट बंद. उन्हाळाभर या समुद्रात वारा पश्चिमेकडून आणि वायव्येकडून वाहतो, आणि चौकोनी शिडाचे गलबत वाऱ्याच्या तोंडावर चढत नाही. म्हणून कुप्राच्या पूर्वेने आणि उत्तरेने, बेटाच्या आडोशाने जायचे. पुढे किलिकिया व पंफुलियाच्या किनाऱ्याला दोन गोष्टी मदतीला येतात: पश्चिमेकडे सरकणारा समुद्रप्रवाह, आणि रात्री जमिनीवरून सुटणारा वारा. दिवसा नांगर टाकून थांबायचे, रात्री थोडे सरकायचे. कोकणातल्या होडीवाल्यांना हा मतलई वारा नव्याने समजावायला नको.

मुर्या: गलबत बदलले

मुर्याचे बंदर अंद्रियाके. आज शेजारच्या गावाचे नाव देमरे. इथे युल्याला अलेक्झांड्रियाहून इटलीला निघालेले गलबत सापडले. मिसरातून इटलीला जाणारे गलबत इतक्या उत्तरेला कसे? कारण तोच वारा. वायव्येचा वारा तोंडावर असताना अलेक्झांड्रियाहून सरळ रोम गाठता येत नाही. आधी उत्तरेला लुकियाच्या किनाऱ्यावर चढायचे, मग क्रेताच्या आडोशाने पश्चिमेला सरकायचे. मुर्या हा त्या वाटेवरचा नेहमीचा थांबा.

गलबतात मिसरी गहू होता. रोमची भाकर मोठ्या प्रमाणात या गव्हावर चाले. गलबताला मधोमध एक जाड डोलकाठी, तिच्यावर एक भलेमोठे चौकोनी शीड, नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, झुकलेल्या छोट्या काठीवर दुसरे लहान शीड, आणि मागे दोन बाजूंना दोन सुकाणू-वल्ही. एकूण माणसे 276. आकडा फुगवलेला वाटत असेल तर एवढे लक्षात घ्यावे की ज्यू इतिहासकार योसेफस काही वर्षांनी रोमला जाताना याच समुद्रात त्याचे गलबत बुडाले, आणि त्यावर सुमारे 600 माणसे होती. उतारूंसाठी खोल्या नसत. उघड्यावर किंवा कनातीखाली झोपायचे.

एकच जाड डोलकाठी ही पुढच्या संकटाची गुरुकिल्ली आहे. सगळ्या शिडाचा ताण ती एकाच जागी गलबताच्या पोटावर टाकते. वादळात ती तरफेसारखी हलते, आणि खाचा-खुंट्यांनी जोडलेल्या फळ्यांचे सांधे उघडू लागतात.

मुर्या ते सुंदर बंदर

मुर्याहून कनिद सुमारे 130 सागरी मैल. वारा बरा असता तर दोन दिवसांचे काम. लूक लिहितो, ‘बरेच दिवस’ हळूहळू चाललो आणि मोठ्या कष्टाने कनिदासमोर आलो. इथे आशियाच्या किनाऱ्याचा आडोसा संपतो आणि वायव्येचा वारा उघड्यावर अंगावर येतो. कनिदला दोन बंदरे होती. तिथे थांबून वाट पाहता आली असती. ते थांबले नाहीत. गलबत दक्षिणेला वळवून क्रेताच्या पूर्व टोकाला, सलमोनाला, वळसा घातला आणि बेटाच्या दक्षिण किनाऱ्याने रखडत सुंदर बंदर गाठले. जवळचे गाव लसया. या जागेचे ग्रीक नाव आजही तेच आहे, काली लिमेनेस, आणि आज तिथे जहाजांना इंधन पुरवणाऱ्या टाक्या आहेत.

सुंदर बंदरातले दिवस: निर्णय कसा चुकला

या थांब्यावर घाई करू नये; सगळे पुढचे इथे ठरले.

तारखा पाहू. लूक म्हणतो, उपास होऊन गेला होता. हा उपास म्हणजे ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस. इ.स. 59 मध्ये तो 5 ऑक्टोबरच्या सुमारास येतो. रोमी काळच्या रिवाजात 14 सप्टेंबरनंतरचा समुद्र भरवशाचा मानत नसत, आणि 11 नोव्हेंबर ते 10 मार्च तो जवळजवळ बंदच. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढतात आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा लोटतात. तिथे तीच बंदी हिवाळ्याला. थंडीइतकेच दुसरे कारण ढगांचे होते. होकायंत्र नाही, दिशा सूर्य आणि तारे सांगणार, आणि हिवाळ्यात तेच झाकलेले.

आता जागा पाहू. सुंदर बंदर वायव्येच्या वाऱ्यापासून सांभाळते, पण पूर्वेला उघडे आहे. 276 माणसांना तीन-चार महिने पोसायला लसया लहान. पश्चिमेला सुमारे 40 सागरी मैलांवर फेनिके हे चांगले बंदर. पण वाटेत तीन-चार मैलांवर लिथिनो भूशिर आहे, क्रेताचे दक्षिणेकडचे टोक. ते ओलांडले की किनारा एकदम उत्तरेला वळतो आणि एक रुंद आखात उघड्यावर कापावे लागते. आडोसा संपतो तो तिथे.

तिसरी गोष्ट पैशाची. धान्य हिवाळ्यातही रोमला यावे म्हणून सम्राट क्लौद्याने व्यापाऱ्यांना वादळातले नुकसान भरून द्यायची हमी दिली होती. अशा धोरणाखाली वाढलेल्या धंद्यात उशिरा निघणे मूर्खपणाचे वाटत नाही.

पौल इथे पहिल्यांदा बोलला: हा प्रवास चालू ठेवला तर माल आणि गलबतच नव्हे, जिवांचीही हानी होईल. हे त्याने दृष्टान्त म्हणून सांगितले नाही. त्याआधी करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की त्याचे तारू तीन वेळा फुटले होते आणि एक रात्र व एक दिवस त्याने समुद्रात काढला होता. बोलणारा माणूस अनुभवी प्रवासी होता. युल्याने सुकाणूवाल्याचे आणि मालकाचे ऐकले, आणि बहुतेकांचे मत निघण्याचे पडले. शताधिपतीला दोष देणे सोपे आहे. पण जाणकार धंदेवाले एका बाजूला आणि बेडीतला तंबू विणणारा पौल दुसऱ्या बाजूला, अशी ती निवड होती.

वादळाचा पहिला दिवस

दक्षिणेचा मंद वारा सुटला. फेनिकेला जायला हवा तोच. नांगर उचलला आणि क्रेताला अगदी चिकटून निघाले. मचवा, म्हणजे गलबताची लहान होडी, मागे दोराने बांधलेला होता. तो वर घेण्याचीही गरज वाटली नाही, इतका समुद्र शांत.

थोड्याच वेळात बेटावरून युरकुलोन उतरला. हे नाव ग्रीक आणि लॅटिन शब्द जोडून झालेले आहे, अर्थ ईशान्येचा वारा. त्या आखाताच्या उत्तरेला इडा पर्वत 2,456 मीटर उंच आहे. थंड हवा त्याच्या उतारावरून कोसळते आणि समुद्रावर आपटते. लूकचे क्रियापद अक्षरशः असे आहे: गलबताला वाऱ्याशी डोळा भिडवता येईना. त्या काळच्या गलबतांच्या नाळेवर डोळे रंगवलेले असत. शेवटी त्यांनी गलबत वाऱ्यावर सोडून दिले.

पंचवीस-तीस सागरी मैल वाहत गेल्यावर कौदा नावाचे लहान बेट आले, आजचे गावदोस. त्याच्या आडोशाला पाणी काही वेळ थोडे नरम मिळाले. तेवढ्यात तीन कामे उरकली, आणि त्यांचा क्रम अगदी बरोबर होता.

आधी मचवा वर घेतला. तो पाण्याने भरून जड झाला असणार. मोकळा ठेवला तर लाटेबरोबर येऊन गलबतालाच धडकतो. इथे लूक ‘आम्ही’ म्हणतो. दोर ओढायला उतारूंचे हातही लागले.

मग गलबताला खालून दोर आवळले. जाड दोरखंड नाळेवरून खाली सोडायचे, दोन्ही बाजूंनी मागे सरकवत पोटाखाली आणायचे आणि वर घट्ट ताणून बांधायचे. डोलकाठीने ढिले केलेले सांधे यामुळे उघडत नाहीत. गव्हाच्या गलबतावर हे दुप्पट गरजेचे, कारण आत पाणी शिरले की गहू फुगतो आणि फळ्यांना आतून रेटतो.

शेवटी ‘साधन खाली सोडले’. कोणी याचा अर्थ मोठे शीड आडव्या काठीसह उतरवले असा घेतात, कोणी मागे ओढत राहणारा वजनी अडसर पाण्यात सोडला असा. शिडाचा अर्थ अधिक पटतो. दोन्हीत हेतू वेग कमी करण्याचा. ईशान्येच्या वाऱ्याने सरळ धावत सुटले असते तर लिबियाच्या किनाऱ्यावरच्या सुर्ती नावाच्या उथळ वाळूत गलबत रुतले असते. म्हणून लहान शीड ठेवून, उजवी बाजू वाऱ्याला देऊन, गलबत उत्तरेकडे तोंड करून आडवे सरकत ठेवायचे. मग ते दक्षिणेला न जाता पश्चिमेला वाहते.

दुसरा आणि तिसरा दिवस

दुसऱ्या दिवशी माल समुद्रात टाकायला सुरुवात. तिसऱ्या दिवशी गलबताचे सामान, बहुधा ती मोठी आडवी काठी आणि तिचे दोर, हातांनी उचलून फेकले. गहू मात्र सगळा टाकला नाही. तो मालकाचे भांडवल होता आणि तळाचे वजनही. गलबत एकदम रिकामे केले तर ते उलटायला सोपे.

चौथ्यापासून तेराव्या दिवसापर्यंत

या दिवसांची लूकने वेगळी नोंद केलेली नाही. सूर्य नाही, तारे नाहीत, म्हणून आपण कुठे आहोत हे कोणालाच सांगता येईना. वाचण्याची आशा संपली. कोणी काही खाल्लेले नव्हते. गहू होता, पण दळायला आणि चूल पेटवायला जागा कोरडी नव्हती, आणि समुद्र लागलेल्या माणसाच्या पोटात काही ठरत नाही.

याच दिवसांत कधीतरी पौल दुसऱ्यांदा उभा राहिला. सुरुवात केली ती ‘माझे ऐकायला हवे होते’ इथून. काही उपदेशकांना हे वाक्य अवघड जाते. पण ते बढाईसाठी नाही, पुढचे ऐकले जावे म्हणून आहे. मग तो स्वतःचा पहिला अंदाज बदलतो. क्रेतात त्याने जीव जातील म्हटले होते; आता म्हणतो, गलबत जाईल, जीव एकाचाही जाणार नाही. कारण रात्री देवाचा दूत सांगून गेला: भिऊ नको, तुला कैसरापुढे उभे राहायचे आहे, आणि तुझ्याबरोबरचे सर्व देवाने तुला दिले आहेत. ‘दिले आहेत’ या शब्दांत पौलाची प्रार्थना दिसते. तो स्वतःपुरते मागत नव्हता. शेवटी व्यवहाराचे वाक्य: आपल्याला एखाद्या बेटावर आदळावे लागेल. म्हणजे बेट दिसले की पळायचे नाही, किनारा धरायची तयारी करायची.

चौदावी रात्र

आधी एक हिशेब. कौदाहून माल्टा सुमारे 480 सागरी मैल. असे आडवे वाहणारे जड गलबत ताशी दीड मैल सरकते असे धरा. दिवसाला 36 मैल. 480 भागिले 36 म्हणजे 13 दिवसांहून थोडे अधिक. लूक म्हणतो चौदावी रात्र. 19 व्या शतकात जेम्स स्मिथ या स्कॉटिश नौकानयन-जाणकाराने खलाशांना विचारून हाच हिशेब मांडला, तेव्हापासून तो कोणी मोडू शकलेले नाही.

मध्यरात्री खलाशांना जमीन जवळ आल्याचा संशय आला. अंधारात हे कळते ते खडकावर फुटणाऱ्या लाटांच्या आवाजाने. बुडीद टाकले: 20 वाव. थोडे पुढे जाऊन पुन्हा टाकले: 15 वाव. ग्रीक माप ‘ऑर्गुइया’ म्हणजे पसरलेल्या दोन हातांचे अंतर, नेमका आपला वाव. म्हणजे सुमारे 37 मीटर आणि 28 मीटर. बुडीद हा शिशाचा गोळा. तळाच्या खळग्यात चरबी भरलेली, तिला चिकटून वर येणारी वाळू किंवा चिखल पाहून तळ कळतो.

खोली इतकी भराभर कमी होत असेल तर पुढे खडक आहे. त्यांनी पिछाडीकडून चार नांगर टाकले. नेहमी नांगर नाळेकडून टाकतात. तसे केले असते तर गलबत गरकन फिरून तोंड वाऱ्याकडे आणि पाठ किनाऱ्याकडे करून बसले असते. पिछाडीकडून टाकल्याने नाळ किनाऱ्याकडेच राहिली. उजाडताच दोर सोडून सरळ आत घुसता येईल.

यानंतर खलाशांनी नाळेकडून नांगर टाकायचे निमित्त करून मचवा खाली सोडला, बेत पळण्याचा. पौल तिसऱ्यांदा बोलला, आणि या वेळी शताधिपती व शिपायांशी: हे लोक गलबतावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. देवाचे अभय त्याला मिळालेले होते, तरी सुकाणू आणि शीड हाताळणारे हात लागणार हे तो जाणत होता. दोन्ही त्याच्या मनात एकत्र नांदतात. शिपायांनी मचव्याचे दोरच कापले. ही घाई झाली असे वाटते. मचवा ठेवून खलाशांना अडवता आले असते, आणि सकाळी 276 माणसांना पोहून जायची पाळी आली नसती. पण क्रेतात ज्याचे ऐकले नव्हते त्याच्या एका वाक्यावर आता शिपाई दोर कापत होते, हेही त्याच रात्री घडले.

उजाडण्याआधी: भाकर

चौथे बोलणे जेवणाचे. आज चौदावा दिवस, तुम्ही काही घेतलेले नाही, खा, हे तुमच्या जिवासाठी आहे. कोणाच्या डोक्याचा केसही जाणार नाही. मग त्याने भाकर घेतली, सर्वांसमोर देवाचे आभार मानले, ती मोडली आणि स्वतः खाऊ लागला.

घेतली, आभार मानले, मोडली: हे शब्द प्रभुभोजनाचे आहेत आणि लूकला ते ठाऊक होते. हा प्रभुभोजनाचा विधी होता का यावर वाद आहे. गलबतावर बहुतेक माणसे ख्रिस्ती नव्हती, आणि पुढचेच वाक्य सर्वांनी पोटभर खाल्ले असे आहे. तेव्हा विधी म्हणणे ताणल्यासारखे होते. तरी त्या ओल्या अंधारात शिपाई, कैदी, मालक आणि खलाशी यांच्यासमोर मोठ्याने आभार मानणे ही त्या प्रेषिताची सेवाच होती. माणसांची संख्या लूक इथेच देतो, भाकर वाटतानाच्या जागी. पोटात अन्न गेले म्हणून अंगात बळ आले, आणि मग उरलेला गहू समुद्रात टाकला. गलबत जितके हलके तितके किनाऱ्याच्या जवळ जाऊन टेकते.

सकाळ: किनारा

जमीन कोणाला ओळखू आली नाही. पुळण असलेली खाडी दिसली. पाठोपाठ तीन कामे केली: नांगरांचे दोर सोडून नांगर समुद्रातच टाकले, रात्री वर बांधून ठेवलेल्या दोन सुकाणूंची बंधने सोडली, आणि नाळेकडचे लहान शीड वाऱ्यावर उभारले. पण दोन प्रवाह मिळतात अशा जागी गलबत वाळूत चढले. नाळ घट्ट रुतली आणि पिछाडी लाटांनी फुटू लागली. मधल्या बांधावर गलबत अडकले की नेमके हेच होते: एक टोक हलत नाही, दुसरे हलत राहते, आणि मधे ते मोडते.

शिपायांनी कैद्यांना मारून टाकायचे ठरवले. कैदी पळाला तर पहारेकऱ्याला त्याची शिक्षा भोगावी लागे. प्रेषित पेत्र तुरुंगातून सुटला तेव्हा हेरोद अग्रिप्पाने पहारेकऱ्यांना मारले होते. पौलाला वाचवायचे म्हणून युल्याने सगळ्यांना वाचवले. पोहता येणारे आधी, बाकीचे फळ्यांवर आणि गलबताच्या तुकड्यांवर. 276 पैकी 276 किनाऱ्याला लागले.

माल्टा: तीन महिने

बेटाचे नाव मिलिता. परंपरेने दाखवतात ती जागा उत्तर किनाऱ्यावरचा सेंट पॉल्स बे. काही जण पूर्वेकडच्या सेंट थॉमस खाडीची बाजू मांडतात. माल्टात 10 फेब्रुवारीला या गलबतफुटीचा सण असतो.

बेटावरचे लोक प्युनिक बोलत. ग्रीक नसलेल्या अर्थाने लूक त्यांना ‘बर्बर’ म्हणतो, आणि त्याच वाक्यात त्यांच्या अगत्याची नोंद करतो. पाऊस आणि थंडी होती. त्यांनी शेकोटी पेटवली. पौल काटक्या गोळा करत होता, आणि त्या भाऱ्यातून साप निघून हाताला डसला. प्रेषित काटक्या वेचतो, हे त्या प्रसंगात सापाइतकेच पाहण्यासारखे आहे. बेटाचा प्रमुख पुब्ल्य याने तीन दिवस पाहुणचार केला. त्याचा बाप ताप आणि आवेने पडला होता. पौलाने प्रार्थना करून हात ठेवले, तो बरा झाला. मग बेटावरचे इतर आजारी आले. या तीन महिन्यांतल्या कोणत्याही उपदेशाची नोंद लूकने केलेली नाही. निघताना लोकांनी लागणारे सामान गलबतावर भरून दिले. ज्यांचे सगळे समुद्रात गेले होते त्यांना ते फार होते.

सुराकूस 3 दिवस, रेगियोन 1 दिवस, पुत्युला दुसऱ्या दिवशी

फेब्रुवारीत निघाले, 10 मार्चची वाट न पाहता. पहिला टप्पा लहान होता म्हणून हे धाडस चालले. गलबत पुन्हा अलेक्झांड्रियाचेच, माल्टात हिवाळा काढलेले, नाळेवर खलाशांच्या जुळ्या देवांची निशाणी. रेगियोन मेसिनाच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी आहे. तिथले प्रवाह दक्षिणेच्या वाऱ्याशिवाय ओलांडणे अवघड, म्हणून एक दिवस थांबले. वारा सुटला आणि सुमारे 180 सागरी मैल जाऊन दुसऱ्या दिवशी पुत्युला गाठले. वादळात याच अंतराला पाच दिवस लागले असते.

पुत्युला म्हणजे आजचे पोत्सुओली. कैसरियाच्या बंदराची ती राख, पोत्सोलाना, हिला नाव दिले ते याच गावाने. रोमसाठी आलेला मिसरी गहू तेव्हा इथे उतरत असे, आणि अलेक्झांड्रियाच्या गलबतांनाच वरचे लहान शीड न उतरवता बंदरात शिरायची मुभा होती. इथे आधीच बंधुजन होते. पौल त्यांच्याकडे सात दिवस राहिला. त्यांना कोणी सुवार्ता सांगितली याची नोंद नाही. बंदर म्हटले की व्यापारी आणि गुलाम येतात-जातात, त्यांच्याबरोबर ती आली असणार.

पायवाट: अप्पियाचा रस्ता

पुत्युलाहून कापुआ, तिथून अप्पियाच्या रस्त्याने रोम. एकूण सुमारे 225 किलोमीटर. दिवसाला 25 ते 30 किलोमीटर चालले तर आठ-नऊ दिवस. तेराचिनानंतर दलदल लागते. तिथे रस्त्याला समांतर कालवा होता आणि खेचरे ओढत नेणाऱ्या होड्या चालत. कालव्याच्या पलीकडच्या तोंडाशी अप्पियाची पेठ, रोमपासून 43 रोमी मैल, म्हणजे 64 किलोमीटर. पुढे तीन उतारशाळा, 33 रोमी मैलांवर, 49 किलोमीटर.

या दोन्ही ठिकाणी रोमचे बंधुजन चालत आले होते. पुत्युलातल्या सात दिवसांत निरोप पुढे गेला, म्हणून हे जमले. सुमारे तीन वर्षांपूर्वी पौलाने करिंथहून त्यांना पत्र लिहिले होते आणि तुम्हांला भेटायची उत्कंठा आहे असे कळवले होते. पत्र वाचलेली माणसे आता बेडीतल्या लेखकाला घ्यायला दोन दिवसांची वाट तुडवून आली. त्यांना पाहून पौलाने देवाचे आभार मानले आणि त्याला धीर आला. वादळात 275 जणांना धीर देणाऱ्याला धीर लागत होता, हे लूकने लपवले नाही.

रोम: तिसरा दिवस

पौलाला एका शिपायाच्या पहाऱ्यात वेगळे राहायची परवानगी मिळाली. हाताला साखळी, घर भाड्याचे, भाडे त्याचे त्याने भरायचे. बाहेर जाता येत नव्हते, म्हणून तिसऱ्या दिवशी त्याने ज्यू पुढाऱ्यांना घरी बोलावले. यहूदियातून तुझ्याविषयी पत्र आलेले नाही, असे ते म्हणाले. आणि पुन्हा यायचा एक दिवस ठरवून गेले. त्या दिवशी ते मोठ्या संख्येने आले, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो मोशेच्या नियमशास्त्रातून आणि संदेष्ट्यांतून त्यांना येशूविषयी समजावत बसला. कित्येकांना पटले, कित्येकांनी विश्वास ठेवला नाही. भाड्याचे ते घर पुढे पूर्ण दोन वर्षे येणाऱ्या सगळ्यांना उघडे राहिले.